तीस हजारांत हॉलसाठी स्पीकर : गाणी आणि सिनेमा दोन्ही

लालबागकर

नमस्कार मंडळी. चाळीचा पुनर्विकास झाला आणि आम्ही नव्या इमारतीत राहायला आलो. हॉल दहा बाय चौदा फुटांचा. दहा फुटांच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. बाबा सकाळी पूजा आटोपली की भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरीताई आणि भरपूर नाट्यसंगीत ऐकतात, सध्या फोनवरच. रात्री आम्ही सगळे ओटीटीवर सिनेमा बघतो. संवाद कळत नाहीत म्हणून टीव्हीचा आवाज वाढवावा, तर पुढच्याच प्रसंगात गाड्या फुटतात आणि शेजारच्यांचं बाळ उठतं.

बजेट तीस हजार, फार ताणलं तर पस्तीस. दुकानात गेलो तर थेट ५.१ चा सेट दाखवला, खोक्यावर हजार वॉट लिहिलेला. मेव्हणा म्हणतो साउंडबार घे, पसारा नको. टीव्हीला आवाज बाहेर काढायच्या एचडीएमआय एआरसी आणि ऑप्टिकल दोन्ही वाटा आहेत. बाबांना गाणं नीट ऐकू यावं ही पहिली इच्छा, सिनेमा त्याच्या मागोमाग. तुम्ही काय घ्याल?

रेडिओवेडा

साउंडबार आणि सोबतचा सबवूफर (खालच्या स्वरांचा वेगळा डबा). एक वायर, विषय संपला.

तारवाला

विषय इथून सुरू होतो असं मला वाटतं. बाबांचं गाणं पहिलं असेल तर या पैशात फक्त दोन स्पीकर घ्या. दोनच, पण चांगले.

तीस हजारांत ५.१ घेतलं की ते पैसे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक अॅम्प्लिफायर एवढ्यांत वाटले जातात. मग प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? मुठीएवढी डबी आणि तीन इंची कोन, म्हणजे आवाज काढणारा पडदा. असा कोन साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं, आकडा लहान तितका स्वर खालचा) खाली उतरत नाही, तिथून खालचं सगळं सबवूफरकडे ढकललं जातं. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि खर्जात गाताना तो आणखी खाली जातो. म्हणजे पंडितजींचा वरचा सा समोरून ऐकू येणार आणि खर्ज सोफ्याशेजारच्या कोपऱ्यातून. माणूस एक, आवाज दोन ठिकाणांहून. स्वस्तातल्या बऱ्याच साउंडबारचं दुखणंही हेच आहे, बारची उंची कमी असल्यामुळे आतले कोन लहानच ठेवावे लागतात.

त्याऐवजी पाच इंची किंवा साडेपाच इंची वूफरचे (खालच्या स्वरांचा मोठा कोन) दोन बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे स्पीकर घ्या. साठ हर्ट्झच्या आसपासपर्यंत ते बऱ्यापैकी उतरतात. गाणाऱ्याचा पूर्ण गळा एकाच जागेवरून येतो, आणि बरोबर मांडले तर ती जागा दोन स्पीकरच्या मधोमध असते, म्हणजे नेमकी टीव्हीवर. सिनेमाचे संवादही तिथूनच येतात.

खोक्यावरच्या हजार वॉटकडे लक्ष देऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो आणि तो मोजायची ठरलेली अशी पद्धतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद किती ते विचारा. त्याहून महत्त्वाची स्पीकरची संवेदनशीलता : एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. घरगुती बुकशेल्फ स्पीकर साधारण ८५ ते ८८ मध्ये असतात. तुमच्या सोफ्यावर गाणं ऐकायला मग वॉटभर वीजसुद्धा बहुतेक वेळ लागत नाही. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. तीस-चाळीस खरे वॉट तुमच्या हॉलला पुरून उरतील.

मुलुंडची_मावशी

तारवाल्यांच्या सांगण्यात तथ्य आहे, पण घरात वयस्कर माणूस आहे हे विसरू नका. माझ्या सासूबाईंना वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं. वयाबरोबर आधी तेच जातं, आणि स, श, त, क ही व्यंजनं कळतात ती त्याच वरच्या पट्टीमुळे. आवाज नुसता मोठा करून त्यांना उपयोग होत नव्हता. आमच्या साउंडबारला मधला स्वतंत्र चॅनल (संवादांसाठी वेगळा स्पीकर) आहे आणि संवाद उठावदार करायचं बटण आहे, त्याने खरा फरक पडला. रात्री नाइट मोड लावला की स्फोट दबतात आणि बोलणं वर येतं.

दुसरं म्हणजे रिमोट. एआरसीवर टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. टीव्ही सुरू केला की बारही सुरू. सासूबाई दुपारी एकट्या असतात, त्यांना दोन रिमोटांच्या भानगडीत टाकणं मला पटत नाही. आणि दोनच स्पीकर असले की मधोमध बसलेल्याचं भलं होतं, कडेला बसलेल्याला सगळे संवाद जवळच्याच स्पीकरमधून ऐकू येतात. आमच्या सोफ्यावर चौघं बसतात.

लालबागकर, बाबांचं वय आणि कान कसे आहेत ते आधी सांगा.

लालबागकर

मावशी, बाबा ७२ चे आहेत. कान शाबूत आहेत, तंबोरा जरा उतरला तरी त्यांना कळतं. उलट फोनवर ऐकून "हे गाणं नाही, गाण्याचा सांगाडा आहे" म्हणतात.

तारवाला

मग माझं मत आणखी पक्कं झालं. मावशींचे मुद्दे मात्र खरे आहेत, त्यांची सोय आधीच पाहायला हवी.

कडेला बसणाऱ्यांसाठी स्पीकर थोडे आत वळवा, इतके की त्यांच्या रेषा सोफ्याच्या जराशा अलीकडे एकमेकींना छेदतील. डावीकडे बसलेल्याकडे मग उजव्या स्पीकरचं तोंड येतं, लांबचा स्पीकर स्पष्ट होतो, आणि आवाज पुष्कळसा मध्ये राहतो. मधल्या स्पीकरइतकं पक्कं काम होत नाही, पण घरच्या सोफ्याला चालतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट पीसीएम किंवा स्टिरिओ ठेवा. ते ५.१ वर राहिलं की कधी आवाजच येत नाही, कधी संवाद दबलेले येतात. स्टिरिओ ठेवलं की मधल्या चॅनलचे संवाद दोन्ही स्पीकरमध्ये समान वाटले जातात.

रिमोटचं : ऑप्टिकलने जोडलं तर बऱ्याच टीव्हींचा आवाज त्या वायरीवर एकाच पातळीला राहतो, कमीजास्त करायला अॅम्प्लिफायरचा रिमोट घ्यावा लागतो. एकाच रिमोटवर भागवायचं तर एआरसी असलेला स्टिरिओ अॅम्प्लिफायर किंवा एआरसी असलेले अॅक्टिव्ह (आतच अॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर बघा, या बजेटात पर्याय थोडे आहेत. टीव्ही ब्लूटूथने मात्र जोडू नका. ब्लूटूथला आवाज पोचवायला वेळ लागतो, पुष्कळदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद, आणि ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतात. बाबांनी फोनवरून गाणं लावायला ब्लूटूथ उत्तम, तिथे उशिराने काही बिघडत नाही.

ओम_आणि_वॉट

अॅक्टिव्ह की पॅसिव्ह, यावर थोडं. अॅक्टिव्हमध्ये अॅम्प्लिफायर डब्यातच असतो : एक प्लग, एक वायर, कमी पैसे. एडिफायरचं आर१२८०डीबी घ्या, चार इंची वूफर, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस, ऑप्टिकल आणि ब्लूटूथ दोन्ही, सोबत रिमोट. तुमच्या बजेटच्या अर्ध्याहून कमीत होतं. ज्याचा हॉल याहून लहान आहे किंवा ज्याला पंधरा हजारांच्या आत राहायचंय त्याने पुढे शोधूच नये.

पण तुमच्याकडे तीस आहेत, म्हणून पॅसिव्ह, म्हणजे अॅम्प्लिफायर वेगळा असलेले सुचवतो. स्पीकर म्हणजे लाकडाचा डबा, दोन कोन आणि थोडी तार. नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं टिकतो. बिघडतं ते इलेक्ट्रॉनिक्स. आपल्या दमट हवेत आणि पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावात सर्किट जातं, आणि अॅक्टिव्हमध्ये सर्किट गेलं की डबाही अडकतो. पॅसिव्हमध्ये अॅम्प्लिफायर बदलायचा, स्पीकर तेच.

वीस-बावीस हजार स्पीकरना आणि उरलेले छोट्या क्लास-डी अॅम्प्लिफायरला. फोसी, आयिमा या कंपन्यांचे तळहाताएवढे अॅम्प्लिफायर मिळतात, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ चिपवरचे. त्यांच्या खोक्यावरचे वॉटही सरळ घेऊ नका, ते चार ओमला (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) आणि मोठ्या पॉवर सप्लायवर मोजलेले असतात. सोबत छोटा सप्लाय आला की वॉट कमीच मिळणार, तरी तुम्हाला पुरतील. मॉडेल निवडताना ऑप्टिकल इनपुट आणि रिमोट आहे का ते बघा, सगळ्यांत नसतं. स्पीकर सहा किंवा आठ ओमचे घ्या.

वायर "स्पेशल ऑडिओ" म्हणून महाग विकतात ती नको. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर घ्या, लाल आणि काळी. पंधरा-वीस फुटांना ती भरपूर झाली.

गिरगावचा_गवय्या

लॅमिंग्टन रोडला जा आणि ऐकून घ्या. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की चालत पाच-दहा मिनिटं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी गर्दी, तेव्हा आठवड्यातली एखादी दुपार काढा. आणि बाबांना घेऊन जा. त्यांच्या कानासाठी घेताय तर निवाडा त्यांनीच करायला हवा.

दुकानदार स्वतःचं गाणं लावतो, ज्यात ढोल आणि बेस ठासून भरलेला असतो. ते कुठल्याही डब्यावर दणदणीत वाटतं. तुमचं गाणं पेनड्राइव्हवर न्या, चांगल्या प्रतीच्या फाइलमध्ये. लाउडनेस, बेस बूस्ट, इक्वलायझर सगळं बंद करायला सांगा. दोन जोड्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जराही मोठा असलेला स्पीकर आपल्या कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

काय ऐकायचं? मी बड्या ख्यालाची सुरुवात लावतो. आधी तानपुरा. जवारी (तारांची झणकार) चांगली लागलेली असेल तर प्रत्येक तारेच्या मागे स्वरांची झिलई उठते, षड्जाच्या तारेतून गंधार बाहेर डोकावतो. खराब ट्वीटरवर (उंच स्वरांचा छोटा कोन) तिथे नुसती माशीची भुणभुण येते, गंधार गायब. मग डग्गा. तबलजी तळहात पुढे रेटून मींड काढतो तेव्हा स्वर खालून वर चढताना दिसला पाहिजे. फुगवलेल्या बेसच्या स्पीकरवर प्रत्येक आघात एकाच सुराचा "धुप्" होतो, चढण ऐकूच येत नाही. शेवटी गळा. किशोरीताईंच्या आलापात दोन स्वरांमधली जी बारीक वाट आहे ती, आणि श्वास घेतलेला. डोळे मिटल्यावर गाणारी बाई एका जागी बसलेली वाटते की दोन्ही डब्यांत पसरते, ते बघा.

हार्मोनियमची साथ असलेलं एखादं नाट्यपदही लावा. मधल्या पट्टीत कर्कश असलेला स्पीकर पेटीवर लगेच उघडा पडतो, पाच मिनिटांत कान दुखायला लागतात.

आणि पक्कं बिल, भारतातली वॉरंटी. बिलाशिवाय दोन हजार कमी सांगतील, तो मोह नको.

जुनं_खणखणीत

सेकंड हँडचा विचार केलाय का? मुंबईत लोक घर बदलतात, परदेशी जातात, चांगल्या जोड्या अर्ध्या किमतीत निघतात. सोनोडाइन, वार्फडेल, पोक, यामाहा, पाहण्यासारखं बरंच असतं. चोरबाजारातही जुने डबे मिळतात, पण तिथे स्वतः पारख असेल तरच.

पुढची जाळी काढून कोनाच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. जुन्या स्पीकरमध्ये फोमची असते, आपल्या हवेत ती पिठासारखी बोटाला लागते. ती बदलून मिळते, पण तो खर्च भावात धरा. मग मागचे टर्मिनल बघा. समुद्राजवळच्या घरातला माल असेल तर तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो. कोन चार बोटांनी सारखा दाबून आत-बाहेर करा, खरखर आली तर कॉइल घासतेय, तो स्पीकर सोडा.

भाऊ किंवा बहीण अमेरिकेतून काही आणणार असेल तर पॅसिव्ह स्पीकर खुशाल आणावेत, त्यांना विजेशी देणंघेणं नाही. अॅम्प्लिफायर मात्र तिथल्या १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. मागे व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर थेट प्लग लावला की संपला.

सातवा_मजला

एक शेजारी म्हणून सांगतो, सबवूफर घ्यायच्या आधी खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा. उंच स्वर भिंत बऱ्याच अंशी अडवते, बेस अडवत नाही. जमिनीवर ठेवलेला सबवूफर स्लॅबच हलवतो आणि खालच्या घरात सिनेमा कळत नाही, फक्त गडगड पोचते. नियमाने रहिवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण नियमापर्यंत जायची वेळच येऊ नये. आमच्या वरच्या घरात सबवूफर आहे, आणि माझ्या आईला रात्री झोप लागत नाही. बोलून झालं, फरक पडला नाही.

तारवाला

सातव्या मजल्याला पूर्ण अनुमोदन. लालबागकर, तुमच्या हॉलला सबवूफरची गरजही नाही, आणि त्याचं कारण मोजता येतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर चौदा फुटी लांबीत चाळीस हर्ट्झला आणि दहा फुटी रुंदीत छप्पन हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, आणि भिंतीशी हे घुमणं सगळ्यात जास्त असतं. बेस तुम्हाला फुकट मिळतोय, किंबहुना जास्तच. सोफा फूट-दीड फूट पुढे घेता आला तर डग्गा लगेच मोकळा होईल.

हॉलचा फोटो टाकाल का? स्पीकर कुठे ठेवणार ते कळू द्या.

लालबागकर

फोटो टाकलाय. टीव्हीखाली युनिट आहे, दोन्ही बाजूंना काचेच्या दाराचे कप्पे. सुताराने ते स्पीकरसाठीच केलेत असं बायको म्हणते. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, खिडकीला पातळ पडदा.

तारवाला

कप्प्यात नको! काचेच्या कप्प्यात स्पीकर म्हणजे मडक्यात तोंड घालून गाणं. डबा आत घुमतो, काच थरथरते आणि मागच्या भोकातून येणारा बेस कोंडतो. युनिटचा वरचा फळा रुंद आहे. त्याच्या दोन टोकांना, अगदी पुढच्या कडेला ठेवा. पुढची कड फळ्याच्या कडेशी जुळली पाहिजे, नाहीतर आवाज फळ्यावर आपटून येतो. टीव्ही युनिट बसक्या उंचीचं दिसतंय, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला यायला हवा. सुताराच्या किंवा मार्बलवाल्याच्या दुकानातून कडप्प्याचे दोन तुकडे आणून खाली द्या, कडप्पा आणि डबा यांमध्ये रबराची चकती. जड दगडाने डबा हलत नाही. तरीही उंची कमी पडली तर डब्याची पुढची बाजू किंचित वर करा.

दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट येतील तेवढे येऊ द्या. भिंतीपासून वीतभर तरी पुढे. बेस तरीही फुगला तर मागच्या भोकात फोमचा बोळा घाला, काही कंपन्या तो सोबत देतात.

टाइल्सवर स्पीकर आणि सोफा यांमध्ये सतरंजी किंवा जाड गालिचा घाला, खिडकीला जाड पडदा लावा. रिकामा हॉल टाळी वाजवली की टणत्कार करतो, आणि संवाद न कळण्यामागे निम्मा हात त्या टणत्काराचाच असतो. सोफ्यामागच्या भिंतीवर पुस्तकांची फडताळं असतील तर फारच चांगलं.

मुलुंडची_मावशी

गालिच्याचं पटलं. आम्ही तो घातला तेव्हा सासूबाईंना बातम्यासुद्धा नीट कळायला लागल्या. आधी वाटायचं निवेदक भरभर बोलतात.

लालबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना घेऊन लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. गवय्यांनी सांगितलं तसंच केलं. बाबांनी तीन जोड्या ऐकल्या. एकीवर पहिल्याच मिनिटाला मान हलवली, पेटी टोचते म्हणाले. सगळ्यात दणदणीत जोडीवर "डग्गा कुठाय, हा तर पिंप आहे" म्हणाले. तिसऱ्या जोडीवर तानपुरा सुरू झाला आणि ते काही बोललेच नाहीत, ख्याल विलंबितातून द्रुतात जाईपर्यंत बसून राहिले. साडेपाच इंची वूफर, सहा ओम, पॅसिव्ह. तीच घेतली, पक्क्या बिलावर. ऑप्टिकलवाला क्लास-डी अॅम्प्लिफायर मागवलाय, सगळं मिळून तेहतीसच्या आत बसतंय. काचेच्या कप्प्यांत आता देवाची पुस्तकं जाणार, बायकोशी तह झालाय.

शेवटची शंका : वायरीचे दोन्ही पदर एकाच रंगाचे असले तर उलटसुलट जोडली गेली हे कसं ओळखायचं? दुकानदाराने दिलेली वायर दोन्ही पदर पांढऱ्या रंगाची आहे.

ओम_आणि_वॉट

अॅम्प्लिफायरपासून वायर सोडवून घ्या, स्पीकरला जोडलेली राहू द्या. जाळी काढा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरीच्या मोकळ्या टोकांना क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. वूफर पुढे सरकला तर सेलच्या अधिकला लागलेला पदर स्पीकरच्या लालला गेलाय, आत गेला तर काळ्याला. अधिकच्या पदराला लाल चिकटपट्टी गुंडाळा, दुसऱ्या स्पीकरलाही तसंच करा. एक सरळ आणि एक उलट जोडला गेला तर बेस एकदम पातळ होतो आणि गाणारा मधून नाहीसा होऊन दोन्ही बाजूंना विखुरतो, बाबा ते पहिल्या आलापातच सांगतील. अॅम्प्लिफायर सुरू असताना वायरींना हात लावू नका, दोन पदर एकमेकांना लागले तर तो जळू शकतो.

गिरगावचा_गवय्या

जोडून झालं की कळवा, आणि बाबांनी पहिलं काय लावलं तेही सांगा.